दशावताराचे फोटो, बारा बाय अठराची प्रिंट आणि डार्कटेबल

फोटो सुधारण्याचं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर घेऊ का, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, प्रिंट केवढी काढायची आहे? चार बाय सहाचे फोटो अल्बमात लावायचे असतील तर कॅमेऱ्यातलं जेपेग लॅबला द्या आणि मोकळे व्हा. बारा बाय अठराची फ्रेम भिंतीवर लागणार असेल, आणि त्यात फोटो रात्रीचा असेल, तर मात्र रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, घेऊन बसावंच लागतं.

माझे फोटो जवळजवळ सगळे रात्रीचे. कुडाळ-सावंतवाडीकडच्या जत्रांतला दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य. एका बाजूने पिवळा हॅलोजन, दुसरीकडून मंडपवाल्याने हौसेने लावलेला जांभळा एलईडी, राजाच्या अंगावर लालभडक मखमल आणि काळ्या वेषातला संकासुर. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या खाली येताच येत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, माझ्या कॅनन २००डी मार्क टूच्या १४ बिट रॉ फाइलमध्ये १६,३८४. पडद्यावर हा फरक जाणवेलच असं नाही. पण जेपेगमधला काळोख उजळायला गेलात की संकासुराच्या कपड्यांवर डाग आणि पट्टे उठतात, आणि मोठ्या प्रिंटमध्ये ते लपत नाहीत. मागे एका कलाकाराला कोणीतरी थेट जेपेगवरून काढलेली फ्रेम भेट दिली होती. ती हातात घेऊन तो म्हणाला, "माजा तोंड काळा कित्याक दिसता?"

डार्कटेबल फुकट आहे; लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं. माझ्या कॅमेऱ्याची सीआर३ ही रॉ फाइल ते ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरपासून उघडतं. पण फोटो उघडल्यावर पहिल्यांदा हिरमोडच होतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर झगझगीत दिसलेला फोटो इथे फिका आणि मवाळ दिसतो. त्या पडद्यावर असतं ते कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने रंगवलेलं, रॉ फाइलच्या पोटातलं छोटं जेपेग. डार्कटेबल ती रंगरंगोटी उचलत नाही, सगळं तुमच्यावर सोडतं. कॅमेऱ्याचेच रंग हवे असतील तर कॅननचं डीपीपी किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हे त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर घ्या, तीही फुकटच आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

मी डार्कटेबलवर टिकलो तो त्या जांभळ्या एलईडीमुळे. यात रंग दुरुस्त करायचं 'कलर कॅलिब्रेशन' हे मॉड्यूल (एका कामाचं साधन) एकाच फोटोवर दोनदा लावता येतं. एकदा हॅलोजनच्या उजेडासाठी, आणि दुसऱ्यांदा मास्क आखून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, फक्त एलईडी पडलेल्या गालासाठी. चेहऱ्याची ती बाजू माणसासारखी दिसायला लागते. नॉइझ, म्हणजे अंधारातल्या फोटोत येणारे दाणे, काढायला 'डीनॉइझ प्रोफाइल्ड' आहे. त्यात कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार आणि आयएसओनुसार मोजून ठेवलेली प्रोफाइलं असतात, त्यामुळे फार हात चालवावा लागत नाही. उजेड-अंधाराचा तोल मी 'सिग्मॉइड' या मॉड्यूलवर सोडतो. बाकी मॉड्यूलं ढीगभर आहेत आणि त्यातली निम्मी एकमेकांचंच काम करतात. नवा माणूस इथेच पळून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

प्रिंट काळी येण्यामागे बहुतेक वेळा आपला लॅपटॉप असतो. त्याची ब्राइटनेस पूर्ण चढवलेली, त्यामुळे फोटो उजळ वाटतो. कागद काही स्वतःहून उजळत नाही. ब्राइटनेस उतरवा आणि डार्कटेबलच्या डार्करूममध्ये, म्हणजे फोटोवर काम करायच्या विभागात, कंट्रोल-बी दाबा. फोटो लहान होतो, त्याला पांढरी कड येते आणि भोवती राखाडी रंग. त्या पांढऱ्याशेजारी फोटो कोंदट वाटला तर कागदावरही कोंदटच येणार. माझ्या मते या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात उपयोगी कळ हीच, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मखमलीच्या लालसाठी सॉफ्टप्रूफ, म्हणजे छापून येणारे रंग आधी पडद्यावर बघायची सोय. लॅबकडून त्यांच्या मशीन-कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मिळालं तर ते डार्कटेबलच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या 'कलर', त्यातल्या 'आउट' फोल्डरमध्ये टाका. मग जो लाल कागदावर उतरणारच नाही, तो गॅमट चेक आधीच दाखवतो. आमच्याकडच्या एका लॅबमध्ये प्रोफाइल मागितलं तर काउंटरवरच्या पोराने सोशल मीडियावरचं प्रोफाइल समजून मोबाइल पुढे केला. अशा ठिकाणी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत जेपेग द्यावं; जास्त रंग मावणारं अडोबी आरजीबी दिलं आणि मशीनने प्रोफाइल वाचलंच नाही तर रंग मेलेले येतात.

एक्स्पोर्टमध्ये माप थेट इंचात टाकता येतं, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरून. बारा बाय अठराला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, माझी फाइल ६००० बाय ४००० ची, म्हणजे ताणावं लागत नाही आणि प्रमाणही तेच असल्याने मुकुट कापला जात नाही. दहा बाय बारा मागणाऱ्यांना मी आधीच सांगतो, बाजूचा माणूस जाईल.

तक्रारी आहेतच. प्रिंटचा वेगळा विभाग आहे, पण तो लिनक्स आणि मॅकवर. विंडोजवाल्याने फाइल काढून दुसरीकडून छापायची. ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपवर 'डिफ्यूज ऑर शार्पन' हे मॉड्यूल लावलं की चहा करून यावा. आणि केलेले सगळे बदल फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात, मूळ रॉला हात लागत नाही. हे उत्तमच, पण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवताना त्या फाइलीही बरोबर न्यायच्या. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. ती टाकण्याआधी सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा, कारण नव्या आवृत्तीने बदललेला डेटाबेस जुनी उघडत नाही. जत्रांचा मोसम चालू असताना तर मी अपडेट करतच नाही.