बार्बाडोसमध्ये जेवायला बसण्याआधी विचारा: कुठला डॉलर?

वेस्ट इंडिजला क्रिकेट बघायला किंवा क्रूझने जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तिथल्या बऱ्याच मेनूकार्डांवर नुसतं डॉलरचं चिन्ह आणि पुढे आकडा असतो. तो डॉलर अमेरिकेचा की त्या बेटाचा, हे लिहिलेलं नसतं. बार्बाडोसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटने याचाच फायदा घेतला आणि आमच्याकडून जेवणाचे बरोबर दुप्पट पैसे काढले. आम्ही आधी स्पष्ट विचारलं होतं, तरीही.

आधी पैशांचं गणित, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि १९७५ पासून तो अमेरिकी डॉलरला पक्का बांधलेला आहे: दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी. स्थानिक लोक आपल्या डॉलरला ‘बेजन’ म्हणतात. दर बदलत नसल्यामुळे दुकानदार दोन्ही चलनं घेतात. सरळ माणसाच्या हातात ही मोठी सोय आहे. खोट्या माणसाला मात्र आकड्याला हातही लावावा लागत नाही, फक्त चलन बदलायचं. माशाच्या थाळीपुढे ४० लिहिलंय आणि बेट महागडं म्हणून प्रसिद्ध आहे, तर ते ४० अमेरिकी डॉलर असू शकतात असं कोणालाही वाटेल. गयानामध्ये हे जमणार नाही. तिथे एका अमेरिकी डॉलरला दोनशेच्या वर गयानी डॉलर मिळतात, त्यामुळे जेवणाचे आकडेच हजारांत असतात आणि गोंधळाला जागा उरत नाही.

२०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताचा कॅरिबियनमधला प्रवासच असा होता की जवळजवळ दर सामन्याला डॉलर बदलावा. बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउनला अफगाणिस्तानशी, अँटिग्वाला बांगलादेशशी, सेंट लुसियाला ऑस्ट्रेलियाशी, गयानात इंग्लंडशी उपांत्य सामना आणि २९ जूनला पुन्हा ब्रिजटाउनला अंतिम सामना. अँटिग्वा आणि सेंट लुसियाला पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, तो एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला. पूर्ण दौरा केलेल्या लोकांच्या खिशात तीन-तीन प्रकारचे डॉलर होते. आम्ही फक्त अंतिम सामन्यासाठी गेलो होतो: मी, माझा नवरा आणि न्यू जर्सीला राहणारे माझे दीर.

सामन्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारची रात्र म्हणजे ऑइस्टिन्सची. हे कोळ्यांचं गाव. बंदरावर मासळीबाजार आणि शेजारीच पत्र्याच्या छपरांच्या टपऱ्या. निखाऱ्यांवर माही-माही, टूना, मार्लिन, स्वोर्डफिश भाजत असतात, बाजूला मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), तळलेली केळी, कोशिंबीर, आणि वर घालायला मोहरी व स्कॉच बॉनेट मिरचीचा पिवळा झणझणीत सॉस. त्या रात्री अख्खा भारत तिथे उतरला होता. निळ्या जर्सींमधून वाट काढणंही अवघड होतं आणि बसायला एक बाक मोकळा नव्हता. आम्ही रस्त्याने थोडं पुढे गेलो. एका रेस्टॉरंटच्या दारात उभा असलेला माणूस “इंडिया, इंडिया” म्हणत प्रेमाने आत घेऊन गेला.

आत गर्दी होती, त्यात स्थानिक कुटुंबंही होती, त्यामुळे जागा बरी वाटली. मेनूकार्ड प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, आकड्यांपुढे नुसतं चिन्ह. मी वेटरला विचारलं, “हे बेजन डॉलर ना?” तो “येस, येस, बेजन” म्हणाला. मी पुन्हा विचारलं, “अमेरिकी नाहीत ना?” त्याने मान हलवून नाही म्हटलं. माझ्यासमोर दिरांनीही ऐकलं. ते म्हणाले, “वहिनी, मग स्वस्तच आहे. मागवा.”

जेवण उत्तम होतं, हे लिहायलाच हवं. फ्लाइंग फिश आणि कू-कू ही बार्बाडोसची राष्ट्रीय डिश आहे. कू-कूसाठी भेंडी उकळून त्या पाण्यात मक्याचं पीठ लाकडी पट्टीने घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. आपल्या उकडीसारखाच मऊ गोळा होतो. त्यावर कांदा, टोमॅटो, थाइमच्या रश्श्यात गुंडाळून शिजवलेला उडता मासा. डिसेंबर ते जून हा या माशाचा मुख्य हंगाम, म्हणजे आम्ही अगदी शेवटाला पोचलो होतो. नवरा मासे खात नाही, त्याने मॅकरोनी पाय आणि केळी घेतली. दिरांनी भाजलेला माही-माही. सुरुवातीला फिशकेक, प्यायला मॉबी. मॉबी झाडाच्या सालीचं करतात, पहिला घोट कडू लागतो, मग आवडायला लागतं.

बिल आलं ते असं: फ्लाइंग फिश ४०, माही-माही ४५, मॅकरोनी पाय २५, फिशकेक १५, तीन मॉबी १८. एकूण १४३, त्यावर १० टक्के सेवाशुल्क, म्हणजे १५७.३०. बिलावर चलनाचं नाव कुठेच नव्हतं. बेजनमध्ये धरलं तर हे ७९ अमेरिकी डॉलरही होत नाहीत, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेसहा हजार रुपये. नवऱ्याने कार्ड दिलं. वेटरने मशीन हातातून सोडलं नाही. स्क्रीनवर १५७.३० दिसत होतं, पण त्याच्या आधी चलनाची तीन अक्षरं जिथे असतात तिथे त्याचा अंगठा होता. पिन टाकला. पावती मागितली तर म्हणाला, कागद संपलाय.

दोन मिनिटांत बँकेचा मेसेज आला: १५७.३० यूएसडी, म्हणजे अमेरिकी डॉलर. रुपयांत १३ हजारांच्या वर, आणि परदेशी व्यवहाराचा साडेतीन टक्के मार्कअप व त्यावरचा जीएसटी वेगळा.

आम्ही उठलो नव्हतो, हे बरं झालं. मॅनेजरला बोलावलं. आधी तो म्हणाला, आमचं मशीन फक्त अमेरिकी डॉलर घेतं. मी म्हटलं, मग ७८.६५ घ्यायला हवे होते. त्यावर त्याने पवित्रा बदलला: पाहुण्यांसाठी दर अमेरिकी डॉलरमध्येच असतात. वेटरला विचारलं तर त्याला काही आठवेना.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क स्थानिक बाई नातीला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचं मेनूकार्ड तेच, आणि त्यांनीही फ्लाइंग फिशच घेतला होता. त्यांनी आपलं बिल उचलून आमच्यासमोर ठेवलं: ४०, आणि त्याच्यावर ठेवलेल्या नोटा बेजनच्या, जांभळ्या विसाच्या. मॅनेजरला त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या की पाहुण्यांना असं लुटून तुम्ही आमच्या सगळ्यांचं नाव खराब करता आहात. तो उत्तर न देता आत निघून गेला. पैसे परत मिळाले नाहीत. पण त्या बाईंनी आपल्या बिलाचा फोटो काढू दिला आणि पुढे तोच फोटो सर्वांत उपयोगी पडला. मेनूकार्डाचा, आमच्या बिलाचा आणि दारावरच्या पाटीचाही फोटो आम्ही काढला.

दुसऱ्या दिवशी भारत सात धावांनी जिंकला. त्या आनंदाबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी वेगळं काय सांगणार. मग बेरिल चक्रीवादळ आलं. ३० जूनच्या संध्याकाळी विमानतळ बंद झाला. भारतीय संघही तिथेच अडकला आणि आमच्यासारखे असंख्य प्रेक्षकही. दुकानं बंद, मुक्काम वाढलेला, आणि अशा वेळी जेवणात गेलेले जादा पैसे खरोखर टोचतात. ब्रिजटाउनच्या कोळ्यांच्या कित्येक बोटी त्या वादळात फुटल्या. ज्यांच्या पोटावर पाय आला होता तीच माणसं त्यानंतर आमच्याशी पै-पैचा हिशोब सरळ ठेवत होती, हे मला विसरता येत नाही.

कारण पुढे आम्ही जिथे जिथे खाल्लं, तिथे कोणी एक डॉलरही जास्त घेतला नाही. पावाच्या गोल लादीत दोन फिशकेक घालून मिळतात, त्याला ‘ब्रेड अँड टू’ म्हणतात. ते विकणाऱ्या बाईंना दिरांनी अमेरिकी नोट दिली तर त्यांनी दुपटीने हिशोब करून उरलेले बेजन परत दिले आणि “मोजून घ्या” असंही म्हटलं. साध्या रम शॉपमध्ये ‘कटर’ मिळतो, म्हणजे सॉल्ट ब्रेडमध्ये मासा, हॅम किंवा चीज. तिथे फळ्यावर खडूने दर लिहिलेले आणि पुढे स्पष्ट ‘बीडीएस’, म्हणजे बार्बाडोस डॉलर. फसवणारं ठिकाण एक होतं. त्यामुळे कोणी बार्बाडोसला जाऊच नये किंवा स्थानिक जेवण टाळून मोठ्या हॉटेलात बर्गर खावा, असं मला अजिबात म्हणायचं नाही.

पण पैसे देताना काही गोष्टी हट्टाने करा. चलन तोंडी विचारून भागत नाही, आमच्या बाबतीत भागलं नाहीच. ऑर्डर देण्याआधी वेटरला मेनूवर किंवा ऑर्डरच्या कागदावर ‘बीबीडी’ (बार्बाडोस डॉलरची तीन अक्षरं) लिहायला सांगा आणि फोटो काढा. प्रामाणिक जागी याचं कोणाला वाईट वाटत नाही. बँकेच्या एटीएममधून बेजन काढून ठेवा आणि छोट्या जागी रोखच द्या. रोख अमेरिकी द्यायचे असतील तर नोट हातात देतानाच “यूएस” असं मोठ्याने म्हणा, म्हणजे वीस अमेरिकीचे वीस बेजन समजून सुटे परत येणार नाहीत. कार्ड मशीन आपल्या हातात घ्या, आकड्याआधीची अक्षरं वाचा, मगच पिन. मशीन कधी कधी “रुपयांत पैसे घेऊ का” असंही विचारतं. नाही म्हणा, तो दर जवळजवळ नेहमी महाग पडतो. आणि बिलात १० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नसते. काही ठिकाणी ते धरूनही मशीनवर पुन्हा टिपचा पर्याय येतो.

तक्रारीचं सांगते, कारण परत आल्यावर बरेच जण “जाऊ दे” म्हणून सोडून देतात. पिन आपणच टाकला असला तरी आपल्या बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल वाद उपस्थित करता येतो. चुकीच्या चलनात किंवा चुकीच्या रकमेचा व्यवहार हे कार्ड कंपन्यांच्या नियमांत मान्य असलेलं कारण आहे. व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत तर चुकीच्या चलनासाठी स्वतंत्र क्रमांकच आहे, १२.३. बँकेच्या अर्जात “फसवणूक” एवढंच लिहिलं तर ते कार्ड चोरीचं प्रकरण समजतात आणि पिन वापरला म्हणून फेटाळतात. आमचा पहिला अर्ज ग्राहक सेवेच्या मुलीने तसाच भरला होता, तो नाकारला गेला. दुसऱ्या अर्जात आम्ही नेमकं लिहिलं: ठरलेली किंमत १५७.३० बीबीडी, आकारलेली १५७.३० यूएसडी, फरक ७८.६५ यूएसडी. सोबत मेनूकार्ड, आमचं बिल, त्या बाईंचं बिल आणि बँकेचा मेसेज. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी बँकेला केलेल्या लेखी तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा लागतो. बार्बाडोसमध्ये ग्राहक संरक्षण कायदा राबवणारी संस्था फेअर ट्रेडिंग कमिशन ही आहे. तिथेही आम्ही सगळे फोटो ईमेलने पाठवले.

गणपती बसायच्या आधी फरकाची रक्कम खात्यात जमा झाली. त्या जादा रकमेवर बँकेने कापलेला मार्कअप आणि जीएसटी मात्र त्यात नव्हता. तो मागण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो हे बँकेने आपणहून सांगितलं नाही, म्हणून तुम्ही पहिल्याच अर्जात तेही मागा.