भाषा-विनिमयाचे ॲप, सात महिन्यांनंतर: मैत्री जुळली, पण ॲपने मला 'अंकल' करून टाकले

गेल्या आठवड्यात खात्यातून 1,899 रुपये परस्पर वळते झाले, म्हणून हा अनुभव लिहायला बसले. सहा महिन्यांची वर्गणी संपून ती आपोआप पुढे चालू होणार आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. अशा कपातीची सूचना ग्राहकाला किमान 24 तास आधी मिळाली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मी बँकेत असताना काउंटरवर कित्येकांना समजावून सांगितला आहे. त्यामुळे ॲपवाल्यांना लगेच एक कडक पत्र धाडले. त्यांचे उत्तर काय आले, ते पुढे सांगते.

या ॲपवर दोन अनोळखी माणसे एकमेकांना भाषा शिकवतात. बाकी मांडणी बहुतेकांना ठाऊक असेल, म्हणून थेट कामाचे सांगते. स्वेच्छानिवृत्तीनंतर मला व्हिएतनाममधल्या हनोईला एकटीने जायचे होते, आणि तिथे सहलकंपनीच्या झेंड्यामागे न फिरता चार माणसांशी ओळख व्हावी, एवढीच इच्छा होती. निघण्याच्या तीन महिने आधी ॲपवर एका विद्यार्थिनीशी गाठ पडली. तिला आयेल्ट्सच्या परीक्षेसाठी इंग्रजी बोलण्याचा सराव हवा होता आणि मला पोटापुरते व्हिएतनामी. अर्धा तास तिचा, अर्धा तास माझा, असे ठरले.

तिचा पहिलाच प्रश्न होता, "तुमचे वय किती?" मी मनातून चिडले. मी 52 वर्षांची आहे असे कळवल्यावर तिने लगेच सांगितले की तिची आई 48 वर्षांची आहे, म्हणजे मी तिची 'बाक' आणि ती माझी 'चाउ'. मग उलगडा झाला. व्हिएतनामीत रोजच्या बोलण्यातले 'मी' आणि 'तुम्ही' नात्याने ठरतात: आईवडिलांपेक्षा वयाने मोठी व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष, 'बाक', थोरली बहीण 'ची', धाकटे भावंड 'एम'. आपणही भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणतो, पण आपला 'मी' जागचा हलत नाही. तिथे तोही बदलतो. वय विचारल्याशिवाय तिथे वाक्यच सुरू करता येत नाही, आणि वय सांगून झाले की परका माणूस कुठल्या ना कुठल्या नात्यात येऊन बसतो.

आता ॲपचा दोष. त्यातले भाषांतराचे बटण 'बाक' या शब्दाचे इंग्रजी सातत्याने 'अंकल' असे करते. ती पोर रोज संध्याकाळी मायेने "बाक आन कम चुआ?", म्हणजे "जेवलात का?", असे विचारायची आणि माझ्या पडद्यावर "अंकलने भात खाल्ला का?" असे उमटायचे. सात महिने! मी चार वेळा तक्रार केली आणि चारही वेळा "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" एवढेच उत्तर आले. लोकांना हे क्षुल्लक वाटेल, पण जी गोष्ट शिकण्यासाठी पैसे मोजले तीच हे बटण पुसून टाकते, असे माझे म्हणणे आहे. मी इंग्रजीत 'यू' लिहिले की ते सरसकट 'बान' करते. 'बान' म्हणजे बरोबरीचा मित्र.

हा 'बान' मी होआन किएम तळ्याजवळच्या एका चहावालीपुढे वापरला. फुटपाथवरचे बुटके प्लास्टिकचे स्टूल, काचेच्या पेल्यात बर्फ घातलेला कोरा चहा, आणि समोर साठीची बाई. माझी विद्यार्थिनी शेजारी होती, तिने तोंडावर हात धरला आणि हळूच दुरुस्ती केली: "'ची' म्हणा, आणि स्वतःला 'एम'." म्हणजे मी धाकटी. बावन्नाव्या वर्षी मला धाकटेपण देणारे हल्ली घरीही कोणी उरलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बाई मला लांबूनच "एम!" अशी हाक मारू लागली.

तिथे चहाला 'चा' म्हणतात आणि शाकाहाराला 'चाइ', त्यामुळे पहिले दोन दिवस मी जेवण मागत होते की चहा, हे माझे मलाच कळत नव्हते. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात. माझ्या चतुर्थीचा विषय निघाल्यावर चहावालीने मान डोलावली आणि दोघींचे चांगले जमले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हनोईत या ॲपची गरज फारशी पडलीच नाही. त्या तळ्याकाठी इंग्रजीच्या सरावासाठी विद्यार्थी आपणहून पाहुण्यांशी बोलायला येतात आणि ते फुकट असते. ॲपचे पैसे वसूल झाले ते जाण्याआधीच्या तीन महिन्यांत, तेही केवळ ध्वनिसंदेशांमुळे. सहा सुरांची ती भाषा लिहून शिकता येत नाही, आणि माझ्या विद्यार्थिनीला 'नाइस' व 'नाइट' यांतले शेवटचे व्यंजन गिळण्याची सवय होती, ती मी "शेवटचे अक्षर पायमोडके असले तरी उच्चारायचे" असे सांगून मोडली.

इथवर लिहून झाले आणि ॲपचे उत्तर आले: पूर्ण रक्कम परत. नियमानुसारची सूचनाही मला आधीच आली होती. बँकेचा संदेश माझ्याच फोनमध्ये न वाचलेला पडून होता. कडक पत्राचा सूर जरा उतरवून मी आभार कळवले. मात्र वर्गणी बंदच ठेवली आहे. फुकटच्या आवृत्तीत ध्वनिसंदेश चालतात आणि मला तेवढे पुरे आहे.

दोन तारे देणार होते. पण काल विद्यार्थिनीच्या आईने तिच्या फोनवरून मला पहिल्यांदाच निरोप लिहिला, "ची आन कम चुआ?", आणि बटणाने त्याचे भाषांतर 'सिस्टर' असे बिनचूक केले. तीन.