कामगार राज्य विमा : सात महिन्यांनंतर एका साशंक कारखानदाराचा अनुभव

पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा माझा लहानसा कारखाना आहे आणि माझ्या हजेरीपुस्तकात कित्येक वर्षे नेमकी नऊ नावे असत. नवव्याच्या पुढची माणसे कामावर होती, कागदावर नव्हती. दहा कामगार झाले की कारखान्याला राज्य विमा (ईएसआय), म्हणजे मालक व कामगार यांच्या वर्गणीतून औषधोपचार आणि भरपाई देणारी सरकारी योजना, लागू होतो, आणि सरकारी विमा म्हणजे वर्गणी वेळेवर व औषध सवडीने, अशी माझी पक्की समजूत होती. १ जुलै २०२५ पासून हा विमा चालवणाऱ्या महामंडळाने ‘स्प्री’ ही नोंदणी मोहीम सुरू केली. तीत मागील काळाची वर्गणी मागणार नाही आणि जुनी दफ्तरे उघडणार नाही, असे स्पष्ट म्हटले होते. सबब उरली नाही, म्हणून त्याच महिन्यात बाराही जणांची नोंदणी केली.

खर्चाची भीती फोल ठरली, हे प्रथम मान्य करतो. मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे; म्हणजे १४,००० रुपयांच्या पगारावर माझे ४५५ रुपये आणि त्याचे १०५ रुपये जातात. पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चलन भरायचे असते. या कामाला मला अर्धा तासही लागत नाही. पैसे घेण्याची व्यवस्था चोख असणार, याविषयी मला शंका कधीच नव्हती.

शंका दवाखान्याविषयी होती आणि ती बऱ्याच अंशी खरी निघाली. आमच्या वाट्याला आलेल्या दवाखान्यात सर्दी-तापासाठी गेलेला माणूस केसपेपर, तपासणी आणि औषधाची खिडकी अशा तीन रांगा उरकून दुपारी परततो. बहुतेकदा एखादे औषध ‘बाहेरून घ्या’ म्हणून सांगितले जाते. त्याचा खाडा पडतो आणि माझे एक यंत्र थांबते. परिणामी किरकोळ आजारासाठी माझे कामगार आजही गल्लीतल्या डॉक्टरकडेच जातात. विम्याचा खरा खर्च वर्गणीत नसून या बुडालेल्या दिवसात आहे, असे माझे मत झाले आहे.

सप्टेंबरमध्ये मात्र पंचिंग यंत्रात एका कामगाराच्या डाव्या हाताचे पहिले बोट सापडले. मी त्याला रुमाल गुंडाळलेल्या हातानिशी रिक्षात बसवले आणि संध्याकाळी पोर्टलवर अपघाताचा अहवाल भरला. त्याची वर्गणी जेमतेम दोन महिन्यांची होती. परंतु कामावरील अपघातासाठी किती वर्गणी भरली याची अटच नसते. शस्त्रक्रियेला त्याला एक रुपयाही द्यावा लागला नाही आणि सव्वीस दिवसांच्या सक्तीच्या रजेत वेतनाच्या ९० टक्के दराने भरपाई मिळाली. ती खात्यात जमा होण्यास दीड महिना लागला आणि तोवर मी उचल दिली, हे खरे. पूर्वी असा प्रसंग आला की सगळा खर्च माझ्या खिशातून होई आणि त्यावरून उभयतांच्या मनात कायमची अढी बसे.

आजारपणाचे गणित वेगळे आहे. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण वेतनाच्या ७० टक्के दराने मिळणारा आजारपणाचा भत्ता नव्याने विमाधारक झालेल्या माणसाला पहिले नऊ महिने मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये टायफॉइडने तीन आठवडे घरी असलेल्या आमच्या एका तरुण कामगाराला हे समजावून सांगताना मलाच ओशाळल्यासारखे झाले, कारण त्याच्या दृष्टीने पगारातून कपात तर दरमहा होत होती. नोंदणीच्या दिवशीच ही बाब सर्वांना सांगायला हवी होती.

सर्वांत जास्त खटकते ती २१,००० रुपयांची वेतनमर्यादा. ती १ जानेवारी २०१७ पासून आहे. दरम्यान पगार कुठल्या कुठे गेले. माझ्या सर्वांत जुन्या मिस्त्रीचा पगार मला दिवाळीला २१,५०० करायचा होता. तो १ ऑक्टोबरपासून वाढवला असता तर त्या दिवसापासूनच तो योजनेबाहेर गेला असता, कारण तेथून नवा सहामाही वर्गणीकाळ सुरू होतो. वाढ नोव्हेंबरपासून दिल्यामुळे ३१ मार्चपर्यंत त्याची वर्गणी चालू राहते. पगारवाढ देताना मालकाने पंचांग पाहावे तशी तारीख पाहावी, आणि जो माणूस सर्वाधिक वर्षे राबला त्यालाच आधी वगळले जावे, ही रचना कोणत्या हिशेबाने केली असेल?

मिस्त्रीच्या आईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि अवलंबून असलेले आई-वडील या विम्यात येतात. शस्त्रक्रिया मार्चच्या आत उरकून घे, असे मी त्याला सांगितले आहे; त्यासाठी लागेल तितके खाडे मंजूर आहेत.