क्लास खरा, खातं खोटं

फॉरेक्समध्ये, म्हणजे परकी चलनांच्या भावावरच्या सौद्यांत, फसलेल्यांच्या गोष्टी बहुतेक एकाच वळणाच्या असतात. टेलिग्रामवर कुणीतरी महिन्यात दुप्पट करून देतो म्हणतं, माणूस भुलतो, पैसे जातात. माझं तसं झालं नाही, म्हणूनच लिहिते आहे. मला कुणी दुप्पट करून देतो म्हणालं नव्हतं. उलट क्लासच्या पहिल्याच शनिवारी सर म्हणाले होते, "सहा महिने खऱ्या पैशाला हात लावायचा नाही. घाई असेल त्यांनी फी परत घेऊन जा." अशा माणसावर संशय कोण घेणार?

मी रबाळे एमआयडीसीत रसायनं आयात करणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघते. डॉलरचा भाव माझ्या रोजच्या कामातला. पुरवठादाराचं बिल आलं की बँकेला फोन करायचा, भाव घ्यायचा, फॉरवर्ड बुक करायचं (पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून घ्यायचा) की थांबायचं ते साहेबांना विचारायचं. 50 हजार डॉलरच्या बिलात बारा पैशांचा फरक पडला की 6 हजार रुपये इकडचे तिकडे होतात. हे इतकी वर्षं दुसऱ्याच्या पैशावर बघितल्यावर, आपणही नीट शिकून थोडं करून बघावं असं वाटलं. वाशीला सेक्टर 17 मध्ये शनिवार-रविवार क्लास चालायचा. सर मराठी, फी माफक. वर्गात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका होते, कोपरखैरण्याचा एक माथाडी कामगाराचा मुलगा होता, दोघी-तिघी गृहिणी होत्या, आणि ऐरोलीहून येणारी मी.

शिकवणं चोख होतं, हे आजही सांगते. युरो-डॉलरच्या भावातला चौथा दशांश हलला की एक पिप. पूर्ण लॉट 1 लाख युरोचा, त्यात एका पिपमागे 10 डॉलर. मायक्रो लॉट 1000 युरोचा, त्यात दहा सेंट. 1:500 लिव्हरेज, म्हणजे आपल्या एका डॉलरवर 500 डॉलरचा सौदा, घेतलं की दोनशे-सव्वादोनशे डॉलरवर पूर्ण लॉट उभा राहतो, आणि भाव वीस-बावीस पिप उलटा गेला की ते सगळे गेले. वीस पिप तर आपण चहा पिऊन येईपर्यंत हलतात. युरोपात साध्या ग्राहकाला मुख्य जोड्यांवर 1:30 च्या वर लिव्हरेज देत नाहीत, 2018 पासून तसा नियम आहे, हेही मला सरांकडूनच कळलं. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त धोका घ्यायचा नाही, स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर) आधी आणि सौदा नंतर, अमेरिकेतले रोजगाराचे आकडे येणार असतील तेव्हा स्क्रीन बंद. यातलं काहीही चूक नाही. चांगल्या पुस्तकातही हेच मिळेल.

गोम अशी की ही सगळी सावधगिरी भाव वर जाईल की खाली एवढ्याच प्रश्नाभोवती फिरत होती. पैसा ठेवायचा कुणाकडे, हा प्रश्न वर्गात फळ्यावर कधी आलाच नाही. वही भरत गेली, शिस्त अंगात मुरत गेली, आणि शिस्त शिकवणाऱ्यावरचा विश्वास तिच्याबरोबर आपोआप वाढला.

काकांनी एकदा थेट विचारलं, "सर, हे आपल्या एनएसईवर का नको करायला?" सरांकडे उत्तर तयार होतं, आणि ते अर्धं खरं होतं. एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारावर, डॉलर-रुपयाचे वायदे 2008 च्या ऑगस्टपासून आहेत, 1000 डॉलरचा एक लॉट. पण रुपयाशी जोडलेल्या सौद्यांसाठी प्रत्यक्ष परकी चलनाची देणी-घेणी असली पाहिजेत, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आणि ते 3 मे 2024 पासून लागू झालं. म्हणजे आयातदार-निर्यातदारांना दार उघडं, नुसता भावावर अंदाज लावणाऱ्याला बंद. आमच्या कंपनीला चालेल, मला वैयक्तिक चालणार नाही. इथवर सगळं खरं. त्यापुढे सर म्हणाले, "म्हणून आता आपण इंटरनॅशनलवर जायचं." इथून खोटं सुरू झालं. युरो-डॉलर, पौंड-डॉलर, डॉलर-येन या बिनरुपयाच्या जोड्याही भारतात मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच करायच्या असतात. बाहेरच्या प्लॅटफॉर्मवर मार्जिन (सौद्याची अनामत) पाठवायला एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, परवानगी नाही. वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात हे खरं, पण ते शिक्षणाला, प्रवासाला, गुंतवणुकीला. यासाठी नाही.

अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मच्या रिझर्व्ह बँकेच्या इशारा यादीचंही तसंच. सप्टेंबर 2022 मध्ये पहिली यादी आली तेव्हा तिच्यात 34 नावं होती, पुढे ती वाढत गेली. सर ती यादी स्वतः उघडून दाखवायचे. "बघा ताई, आपल्या ब्रोकरचं नाव आहे का कुठे?" नव्हतं. मात्र यादीत नाव नसणं म्हणजे परवानगी असणं नव्हे, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. खरं तर उलटीकडून बघायचं असतं: परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, तिच्यात नाव आहे का ते बघायचं. चोरांच्या यादीत नाही म्हणून कुणी साव ठरत नाही.

डेमो, म्हणजे खोट्या पैशावरचा सराव, संपल्यावर खरं खातं उघडलं. ॲप दिसायला सगळ्यांच्या ओळखीचं, पण सर्व्हरचं नाव सरांच्या ब्रोकरचं. पैसे भरायचे यूपीआयने किंवा बँकेतून, आणि दर वेळी नवं खातं. आज एका कापड दुकानाचं, उद्या कुठल्यातरी ट्रेडर्सचं, एकदा तर कुणा बाईंचं बचत खातं. क्लासच्या ग्रुपवरच्या मॅडम म्हणायच्या, "आज हे चालू आहे ताई, कालच्याची लिमिट संपली." मी हिशेबातली बाई. ऑफिसात बिल एका नावाचं आणि पैसे दुसऱ्याच नावावर असं कुणी सांगितलं तर फाइल तिथेच परत पाठवते. इथे त्याला पेमेंट गेटवे असं नाव होतं. गंमत म्हणजे डॉलर बाहेर पाठवायचे तर बँक फॉर्म भरून घेते, कारण विचारते, पॅन मागते. इथे पैसे भारतातच, कुणाच्या तरी दुकानाच्या खात्यात जात होते आणि स्क्रीनवर डॉलर दिसत होते.

थोडी रक्कम काढून बघितली, 8 हजार. संध्याकाळपर्यंत आली. सगळ्यांना हीच परीक्षा पुरेशी वाटते, आणि ती घेऊ देणं हाही धंद्याचाच भाग असतो. पाठवणारा कुणी ब्रोकर नव्हता, एक खाजगी व्यक्ती होती. या 8 हजारांचं पुढे काय झालं ते सांगते.

एकूण 3 लाख 40 हजार भरले. स्क्रीनवर ते फुगून साधारण दुप्पट झाले, सरांच्याच नियमांनी खेळून. माथाडी कामगाराच्या त्या मुलाच्या बाबतीत उलटं झालं. त्याच्या स्क्रीनवर मध्यरात्री एक लांबलचक कँडल (चार्टवरची भावाची उभी पट्टी) आली, स्टॉपलॉस उडाला, खातं साफ. दुसऱ्या दिवशी त्याने तोच मिनिट दुसऱ्या चार्टवर पाहिला तर तिथे तसं काही घडलेलंच नव्हतं. त्याने मला ते दाखवलं आणि मी त्याच दिवशी सगळी रक्कम काढायला टाकली.

उत्तर आलं: नफ्यावर 30 टक्के कर आधी भरा, मग रक्कम सुटेल. तोही एका ट्रेडर्सच्या खात्यात. आयकर असा भरत नाहीत. आपला कर आपण आपल्या पॅनवर पोर्टलवरून भरतो. पुरावा मागितल्यावर त्यांनी चलानाची पीडीएफ पाठवली, राजमुद्रेसकट. तिच्यावर बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोडच नव्हता. महिन्याला ढिगाने चलानं बघणाऱ्या बाईला ते पाठवणं जरा अतीच झालं. मी पैसे भरले नाहीत. वर्गातल्या एका ताईंनी दागिने गहाण ठेवून भरले, त्यानंतर त्यांना "अँटी मनी लाँडरिंग शुल्क" आलं.

मी तक्रार करणार म्हटल्यावर सरांचा सूर बदलला. "फेमाखाली तुम्हीच अडकाल. विचार करा." ही धमकीही अर्धी खरी, कारण अनधिकृत प्लॅटफॉर्मवर व्यवहार करणाऱ्यावर फेमा या परकी चलनाच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते. या एका वाक्यावर वर्गातले निम्मे लोक गप्प बसले. मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. या फोनचा उपयोग पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत केला तर जास्त. माझा शेवटचा भरणा ताजा होता, म्हणून त्यातले 60 हजार एका खात्यात थांबले आहेत. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागतो, अर्ज केला आहे.

आता ते 8 हजार. माझ्या पगाराच्या खात्यातली तेवढी रक्कम बँकेने रोखून धरली. पत्र दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांचं होतं. मला मिळालेले पैसे तिकडच्या कुणा फसलेल्या माणसाने भरलेले होते. माझ्या "यशस्वी विथड्रॉवल"चा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून नवी माणसं आणली जात होती ते वेगळंच.

ब्रोकरला पैसे देताना यूपीआय आयडीत "@valid" आहे का बघा. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेल्यांसाठी ऑक्टोबर 2025 पासून अशा आयडी आल्या आहेत, आणि सेबी चेक या तिच्याच सुविधेवर खातं आधी पडताळता येतं. आणि सध्या अशा एखाद्या ग्रुपमध्ये असाल तर रागाने बाहेर पडू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, प्रत्येक भरण्याचा यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक आणि समोरच्या खात्याचं नाव उतरवून ठेवा. आमच्या ग्रुपवरचे जुने मेसेज तक्रारीनंतर एका रात्रीत पुसले गेले, आणि काकांकडे आता बँकेच्या स्टेटमेंटशिवाय दाखवायला काही नाही.