पॅकेज की गल्लीतला दवाखाना?

दादर स्टेशनबाहेर हातात पत्रक येतं: ‘फुल बॉडी चेकअप, ७० तपासण्या’. दुसरीकडे आमचा गल्लीतला दवाखाना, जिथे डॉक्टर आधी विचारतात, “वडिलांना शुगर होती ना?”

पॅकेजची सोय मोठी. घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. पण गणित बघा. ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुधा अशी आखतात की शंभरातली पाच धडधाकट माणसंही तिच्याबाहेर पडतात. स्वतंत्र अशा वीस तपासण्या केल्या, तर एखादा तरी आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के! माझा टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) ५.१, म्हणजे मर्यादेच्या जरा वर आला तेव्हा मी रोज धावत ८.१२ ची लोकल पकडत होतो. पॅकेजवाल्यांच्या डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली. आमचे म्हणाले, “तीन महिन्यांनी पुन्हा बघू.” आला ३.४.

दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा थायरॉइड कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २०११ पर्यंत १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच.

म्हणून तपासायचंच नाही? तसंही नाही. बीपी दुखत नाही. १६०/१०० असताना ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणं वेडेपणा. वरचा आकडा १३२ असलेल्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत २०१७ मध्ये हाय बीपीची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि कालची निरोगी माणसं आज रुग्ण ठरली. गोळी त्या सगळ्यांना सांगितली नव्हती, हे कोणी सांगत नाही.

दवाखान्यात दीड तास बाकावर बसावं लागतं, पंखाही कुरकुरतो. तरी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल मी तिथेच बघतो.