आशियाचा उठावाचा नकाशा: चार महिने वापरून

जूनमध्ये कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून आशियाचा उठावाचा नकाशा घेतला. फायबरचा, भिंतीला टांगायचा, १,८५० रुपये. करवीर तालुक्यात मी नववी-दहावीला भूगोल शिकवतो. शाळेच्या खर्चात बसेना म्हणून पदरचे घातले आणि ते सत्कारणी लागले.

पठार म्हटलं की आमच्या पोरांना पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आठवतं. तिबेट सरासरी सुमारे ५,००० मीटर उंच, हे पाठ असतं. पण त्या उंचीवरही सपाटी असते, हे डोक्यात शिरत नाही. म्हणून मी एकेकाला डोळे मिटून गंगेच्या मैदानापासून उत्तरेकडे बोट न्यायला लावतो. बोट हिमालय चढतं आणि पलीकडे उतरेल असं वाटतं तिथं उतरतच नाही. आठ-दहा सेंटिमीटर वरच्या वरच. "सर, खाली येईना की वो हे!" एक मुलगी ओरडली. पैसे तिथंच वसूल झाले.

उंची वीसपट वाढवून दाखवलीय, ते योग्यच. एक सेंटिमीटरला शंभर किलोमीटर या प्रमाणात अख्खं तिबेट जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आलं असतं.

तक्रार आहे ती सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल. दख्खन आणि तिबेट दोन्ही 'पठार' म्हणून एकाच ओळीत उरकलीत. दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून झालं. तिबेट घडलं टकरीतून. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट युरेशियाला भिडला, मधला टेथिस समुद्र मिटला. भारत थांबला मात्र नाही, अजून वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोच आहे. या रेट्यात कवच दाबलं गेलं, एकावर एक चढलं, आणि तिबेटखाली सुमारे ७० किलोमीटर जाड झालं. एरवी खंडांखाली ते ३५-४० असतं. जाड, हलकं कवच खालच्या जड प्रावरणावर तरंगतं, म्हणून ते इतकं वर राहतं. मी घमेल्यात पाणी घेऊन एक पातळ आणि एक जाड लाकडी ठोकळा सोडून दाखवतो. जाड ठोकळा पाण्याबाहेर जास्त डोकावतो, आणि पाण्याखालीही जास्त असतो. सपाटीचं कारण वेगळं: खोलवरचं तापलेलं कवच मऊ होऊन पसरतं, आणि कोरड्या मध्यभागात नद्या समुद्र न गाठता गाळ तिथल्याच खळग्यांत टाकतात.

एका मुलानं आजीला विचारून देवघरातला शाळिग्राम आणला. गंडकीच्या खोऱ्यातले हे दगड, त्यांतली चक्रं म्हणजे टेथिसमधल्या शंखधारी प्राण्यांचे जीवाश्म. त्या दिवशी तास संपला तरी कुणी उठेना.

कवचाची जाडी नकाशात दिसत नाही, ही मोठी उणीव. त्याच वीसपटीनं ते १४ सेंटिमीटर भरतं. तेवढा थर्माकोल कापून मी खाली तिबेटच्या आकाराचा ठेवतो.

ऑगस्टपासून हिमालयावरचा पांढरा रंग उडू लागला. दुकानदारानं बदलून दिला नाही. घेणार असाल तर टांगण्याआधी वरून पारदर्शक वॉर्निशचा एक हात मारा. पोरांना हात लावू नका म्हणायची वेळ येऊ नये, कारण हात लावण्यासाठीच तर तो घ्यायचा.