इंग्रजी शब्दांची चित्रकार्डं: पुढची बाजू छान, मागची पुन्हा लिहायला हवी

नातू साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी. संध्याकाळी तो माझ्याकडे असतो, म्हणून दिवाळीनंतर गोखले रोडवरून ही पेटी आणली. ९६ कार्डं, २९९ रुपये. पुढे चित्र आणि इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. तीन महिने जवळजवळ रोज वापरून लिहितोय.

पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल आहेत. दूध सांडलं तरी पुसून निघालं. एका कार्डावर एकच वस्तू, तीही घरातली: किसणी, चाळणी, केरसुणी, गोधडी. कार्ड घेऊन स्वयंपाकघरात जायचं, किसणी शोधायची आणि 'ग्रेटर' म्हणत आजीच्या हातात द्यायची. असे वीसेक शब्द आठवडाभरात त्याचे झाले, एकदाही पाठांतराला बसवावं लागलं नाही. मी वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं फिटर होतो. 'फाइल' म्हणजे कानस हे माझ्या हाताला आधी कळलं, स्पेलिंग कितीतरी नंतर. त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटली.

घोडं अडतं ते मागच्या बाजूला. 'ईगर'च्या मागे छापलंय 'उत्सुक'. नातवाने लगेच विचारलं, "आजोबा, उत्सुक म्हणजे?" एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द ठेवला, तर लहान मुलाला काय कळणार? 'प्राउड'ला 'अभिमानी', 'जेंटल'ला 'सौम्य', सगळं तसंच. एक साधं वाक्य छापायला जागा भरपूर होती. शेवटी मीच सांगितलं: "बाबांची बेल वाजली की ताटावरून उठून दाराकडे पळतोस ना, तेव्हा तू ईगर असतोस." दुसऱ्या दिवशी लिफ्टचा आवाज आला आणि हा दारापाशी जाऊन उभा. म्हणाला, "मी ईगर आहे, पण घास संपवलाय." 'जेंटल' मात्र शेजारच्यांच्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवूनच कळला.

दुसरी उणीव म्हणजे एका शब्दाला एकच अर्थ. 'क्रेन'च्या कार्डावर उंच पायांचा पक्षी, मागे 'क्रौंच'. नातू ऐकेना, कारण त्याची क्रेन कापूरबावडीला मेट्रोच्या कामावर उभी असते, शाळेच्या बसमधून त्याने पाहिली आहे. दोन्ही बरोबर. त्या लांब मानेवरूनच यंत्राला पक्ष्याचं नाव मिळालं. हे सांगितल्यावर त्याने एक हात ताठ वर केला, मनगट खाली वाकवलं आणि सोफ्यावरच्या उशा उचलत घरभर फिरला. 'नेल'चंही तेच: कार्डावर नख, आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत खिळे.

'फ्लेमिंगो'च्या मागे 'रोहित' आहे. शब्द चुकीचा नाही, पण नातवाला रोहित म्हणजे खालच्या मजल्यावरचा मुलगा. मी 'अग्निपंख' सांगितलं, कारण त्या इंग्रजी नावातही ज्योतीचाच रंग आहे असं मानतात. जानेवारीत ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून आम्ही होडीने ठाणे खाडीत गेलो. चिखलात उभे होते तेव्हा पक्षी फिकट, जवळजवळ पांढरेच. थवा उडाला आणि पंखांचा लाल-काळा रंग एकदम उघडला. नातू काहीच बोलला नाही, फक्त माझी बाही घट्ट धरली. घरी आल्यावर ते कार्ड त्याने स्वतः शोधून काढलं.

छपाईतही एक चूक आहे: 'लॅडल'मागे 'चाळणी' आणि 'सीव्ह'मागे 'पळी'. प्रकाशकाला दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही. मुलांच्या वस्तूत अशी चूक राहता कामा नये, याचे गुण मी कापतो.

पाचपैकी साडेतीन. सोबत बसायला घरात कुणी असेल तर जरूर घ्या, मूल एकटं शिकेल म्हणून घेऊ नका. मी मागच्या मराठीवर कोरे स्टिकर चिकटवून नातवाची वाक्यं लिहायला घेतली आहेत. ४१ कार्डं झाली. 'प्राउड' अजून कोरंच आहे, त्याला अजून वाक्य सुचलेलं नाही.